मुलाखतीस निघण्यापूर्वी

चि. ताईस,

लेखी परीक्षेच्या निकालात तुझा क्रमांक लागला आणि आता मुलाखतीची तारीख तेवढी यावयाची राहिली, हे आक्काच्या पत्रावरून समजल्यापासून तुला सविस्तर लिहावे असे मनात होते. त्यात परवा तू ज्या पुस्तकांची यादी मला वाचून दाखवलीस, ती ऐकून होऊन गेलेल्या परीक्षेचीच तू पुन्हा तयारी करीत आहेस, अशी मला शंका आली.

राज्यसेवेच्या नव्या पद्धतीत लेखी परीक्षेस १७५० आणि मुलाखतीस २७५ गुण आहेत. तुझे वाचन, स्मरण व लेखन यांची पारख त्या १७५० गुणांत होऊन गेली. मुलाखत मंडळासमोर आता असेल तो तुझा अर्ज, आणि उरलेल्या अवधीत तू अभ्यासावयाचा मुख्य कागद माझ्या मते तोच होय. गाव, जिल्हा, पदवी, सध्याची नोकरी आणि छंद, यांतील प्रत्येक नोंदीने तू स्वतःच मंडळाला प्रश्न विचारण्याची मुभा दिली आहेस.

तू सोलापूर जिल्ह्यातली आणि कृषिशाखेची पदवीधर. उजनी धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते, हा आकडा कोणताही उमेदवार पाठ करील. परंतु धरण उणे पातळीत गेले असता कालव्याच्या टेलकडील शेतकऱ्यावर काय प्रसंग ओढवतो, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळूनही अवर्षणप्रवण जिल्ह्यात उसाचे क्षेत्र का वाढत गेले, आणि साखर कारखान्याच्या खात्रीच्या खरेदीपुढे ज्वारीचा बाजार का टिकत नाही, याविषयी ज्याने स्वतः विचार केला आहे त्याचे उत्तर ऐकताच वेगळे कळते. ऊस बंद करावा, असे एका वाक्यात सांगून मोकळी होऊ नकोस. विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे आधी तुझ्या तोंडून यावे, मग तुझे मत.

आता खाते बदलण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरी कसोटी मला तेथे दिसते. कृषी खात्यात चांगली नोकरी असताना महसूल खात्यात का यावयाचे, असे तुला विचारतीलच, आणि त्यावर लोकसेवेची सर्वांनी वापरून झिजवलेली भाषा तू बोललीस तर मंडळावर तिचा काहीएक परिणाम होणार नाही. अतिवृष्टीनंतर तलाठी व ग्रामसेवक यांच्यासमवेत बांधावर उभी राहून तू पंचनाम्यांवर सह्या केल्या आहेस. नुकसान ३३ टक्के वा अधिक असेल तरच मदत मिळते, हा नियम तुला शासन निर्णय वाचून नव्हे, तर त्या रेषेच्या किंचित अलीकडे राहिलेल्या शेतकऱ्याच्या मुद्रेवरून कळला आहे. तेथे दयेपोटी टक्का वाढवावा काय? माझे मत स्पष्ट आहे: वाढवू नये, कारण एका बांधावर खोटी नोंद झाली की सगळ्या गावाच्या पंचनाम्यावरचा विश्वास उडतो, मात्र अशी प्रकरणे वेगळी नोंदवून त्यांची कैफियत वरिष्ठांकडे पाठवणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. तुझे मत निराळे असेल तर ते खुशाल मांड, पण ते तुझ्या पाहण्यातून आलेले असू दे.

जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे शांतपणे सांगावे. अदमासाने दिलेल्या उत्तरामागून दुसरा प्रश्न येतो, आणि मग आधीच्या खऱ्या उत्तरांचीही किंमत कमी होते. मूळ दाखले आणि कार्यालयाचे ना हरकत पत्र आजच एका फायलीत लाव. नावाच्या स्पेलिंगातील तफावत ऐनवेळी निस्तरता येत नाही.

सध्याची नोकरी मात्र निकाल लागेपर्यंत, किंबहुना नेमणुकीचा हुकूम हाती पडेपर्यंत, सोडू नकोस. पुण्याच्या अभ्यासिकांत दुसरा कोणताही मार्ग न ठेवता वर्षामागून वर्ष घालवणारी बुद्धिमान मुले पाहून माझा जीव तुटतो. आणि हुद्दा मनासारखा न मिळाल्यास रुजू होताना कष्टी होऊ नकोस. चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आय. सी. एस. परीक्षेत पहिला क्रमांक मिळवणाऱ्या त्या पुरुषानेही आपल्या सेवेची प्रारंभीची वर्षे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या मुलकी कारभारात घालवली होती.

येत्या रविवारी अर्जाची प्रत घेऊन सकाळीच ये. जलसंपदा व पोलीस खात्यांतून निवृत्त झालेल्या माझ्या दोन स्नेह्यांना मी बोलावले आहे. तू माझी भाची आहेस हे त्यांना सांगितलेले नाही, तेव्हा ते भीड न ठेवता विचारतील. आक्काला व दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा