वैमानिकाचा पहिला हेडसेट

आपल्या हॉस्टेलवर प्रत्येकाकडे हेडफोन आहे. कुणी गाणी ऐकतो, कुणी लेक्चर, आणि कुणी रूम पार्टनरचं घोरणं ऐकू येऊ नये म्हणून लावतो. पण ज्याच्यावर एखाद्याची नोकरी अवलंबून असते असा हेडफोन मी गेल्या वर्षी पहिल्यांदा हातात घेतला. त्याची ही गोष्ट, आणि गोष्टीच्या निमित्ताने थोडी थिअरी.

माझी मामेबहीण बारामतीला विमान चालवायला शिकते. फलटणहून निघून नीरा ओलांडली की बारामती तालुका लागतो. तिथल्या विमानतळावरून बरीच वर्षे प्रशिक्षणाची छोटी विमाने उडतात. मामांनी जमिनीवर कर्ज काढून तिला पाठवलंय. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि तासागणिक पैसे मोजावे लागतात. त्यामुळे मामांच्या घरी कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की, "एवढ्यात किती तास आले असते?" हा प्रश्न ठरलेला. म्हणून ताईने एका सीनियरकडून वापरलेला हेडसेट स्वस्तात घेतला.

दोन महिन्यांनी ती सुट्टीला घरी आली. मीही तिथेच होतो. आजीने तीन हाका मारल्या तेव्हा कुठे हिने मान वळवली. "अगं, बहिरी झालीस का काय?" आजी म्हणाली. सगळे हसले, ताई हसली नाही. नंतर गच्चीवर तिने मला सांगितलं, "उड्डाण झालं की रात्रीपर्यंत कानात शिट्टी वाजते रे. सकाळी जाते. आणि परवा एक चूक झाली."

चूक अशी. रेडिओवर हवेचा दाब १००५ सांगितला होता, हिला १००९ ऐकू आला. हा आकडा अल्टिमीटरवर लावायचा असतो. एका हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट धरले तर चार आकड्यांच्या फरकाने विमान आहे त्यापेक्षा सुमारे १२० फूट उंच असल्याचे दिसते. ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवायचा नियम आहे, म्हणून चूक लगेच पकडली गेली. रेडिओवर फाइव्हला 'फाइफ' आणि नाइनला 'नायनर' म्हणतात ते याच घोटाळ्यासाठी. तरीही घोटाळा झाला.

"तू इलेक्ट्रॉनिक्सवाला ना? मग सांग, बोसचा नॉइज कॅन्सलिंग हेडसेट हप्त्यावर घेऊ का?" मी ताबडतोब "घे" म्हणालो. का, ते मला सांगता आलं नाही. नाव मोठं, बस. हॉस्टेलवर परत आल्यावर लाज वाटली आणि मी वाचायला बसलो.

आवाज येतो कुठून?

सेसना १७२ हे प्रशिक्षणाचे नेहमीचे विमान घेऊ. इंजिन चार सिलिंडरचे, फोर स्ट्रोक, पंखा दोन पात्यांचा आणि थेट क्रँकशाफ्टवर बसवलेला. २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेरे. एका फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात आणि दोन पाती समोरून जातात. ४० गुणिले २, म्हणजे ८० हर्ट्झ. इंजिन आणि पंखा दोघेही एकाच खालच्या सुरात घुमतात. त्यावर वाऱ्याचा आणि एक्झॉस्टचा वरच्या पट्टीतला आवाज. एकूण आवाज ९० डेसिबलच्या आसपास, टेकऑफला त्याहून जास्त.

अमेरिकेच्या नायोश या संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तास चालेल, पण पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला फक्त १ तास. ताईचे एक उड्डाण साधारण तेवढेच असते.

थांबवायचा कसा?

दोन रस्ते आहेत. पहिला साधा, म्हणजे पॅसिव्ह हेडसेट. जाड कवच, आत स्पंज, कानाभोवती मऊ गादी. डेव्हिड क्लार्क कंपनीचे हिरव्या कवचाचे हेडसेट तुम्ही फोटोत पाहिले असतील. चांगल्या पॅसिव्ह हेडसेटवर २३ डेसिबलच्या आसपास घट लिहिलेली असते. २३ डेसिबल म्हणजे आवाजाच्या ऊर्जेचा सुमारे दोनशेवा भाग आत येतो. वरच्या पट्टीतला आवाज हे कवच उत्तम अडवते, ८० हर्ट्झची घुमघुम मात्र बरीच आत येते.

दुसरा रस्ता अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे एएनआर. कवचाच्या आत छोटा माइक असतो. तो आत शिरलेला आवाज टिपतो, सर्किट त्याची उलटी लाट तयार करते आणि दोन्ही मिळून शून्याकडे जातात. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वाचार मीटर असते, त्यामुळे तिला उलटी लाट जुळवणे सोपे. ४००० हर्ट्झची लाट फक्त साडेआठ सेंटिमीटरची, तिथे जराशी चूक झाली तरी गणित फसते. म्हणून एएनआर खालचा आवाज मारतो आणि वरचा आवाज शेवटी कवच आणि गादीच अडवतात.

ही कल्पना अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला विमानाने जाताना सुचली. ते एमआयटीत प्राध्यापक होते, त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेला गेलेले. १९८६ मध्ये व्हॉयेजर विमानाने न थांबता, वाटेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्याच्या दोन्ही वैमानिकांकडे बोसचे प्रायोगिक हेडसेट होते. बाजारात ते १९८९ मध्ये आले.

जनरेटरजवळचा प्रयोग

इथपर्यंत वाचून मला वाटलं, माझं "घे" बरोबरच होतं. पण आधी जुन्या हेडसेटला काय झालंय ते बघू म्हटलं आणि ताईकडून तो मागवून घेतला. विमान कुठून आणणार? पण हॉस्टेलमागे जनरेटर आहे! चार सिलिंडर, १५०० आरपीएम, म्हणजे ५० हर्ट्झ. सेसनाचा गरीब भाऊच. लाइट गेली की मी हेडसेट लावून त्याच्याजवळ उभा.

पहिल्यांदा लावला तेव्हा आवाज कमी झाला, पण फार नाही. मग दोन्ही कवचं हातांनी डोक्यावर दाबली, आणि धडधड एकदम खाली गेली. हात सोडले की परत वर. म्हणजे कवच ठीक होतं, गादीत फट होती. घामाने आणि उन्हाने गादी कडक होऊन तिला चिरा पडल्या होत्या. मग मी चष्मा काढला. आवाज आणखी कमी! माझ्या चष्म्याची जाड काडी गादी उचलून धरत होती. ताईचा चष्मा तसाच जाड काडीचा आहे.

तेवढ्यात रेक्टर सर बॅटरी घेऊन आले. "काय चाललंय हे?" मी सांगितलं. त्यांनी स्वतः हेडसेट लावला, दाबला, सोडला, परत दाबला आणि म्हणाले, "कुकरची रिंग गेल्यासारखंच झालंय की!" मला चार पुस्तकांत सापडलं नाही ते सरांनी एका वाक्यात सांगितलं.

याचं गणित सोपं आहे. शंभरातला एक भाग ऊर्जा फटीतून आत आली, तर बाकीचं कवच कितीही भारी असो, घट २० डेसिबलच्या पुढे जाऊच शकत नाही. पाच भाग आली तर फक्त १३. एएनआरची सर्किट्सही गादी नीट बसलेली आहे असं धरूनच बनवलेली असतात. म्हणजे तोच जाड काडीचा चष्मा लावून ताईने महागडा हेडसेट घातला असता, तर कर्जाचा हप्ता वाढला असता आणि फट तशीच राहिली असती.

मग घ्यायचा कसा?

१) आधी गादी बघा. मऊ, अखंड आणि सुटी मिळणारी हवी. जेलची गादी चष्म्याच्या काडीभोवती चांगली बसते. चष्मा लावूनच ट्रायल घ्या आणि दाबून बघायची परीक्षा करा.

२) पिना बघा. छोट्या विमानाला दोन पिना लागतात, कानासाठी ६.३ मिलिमीटरची आणि माइकसाठी जरा बारीक. हेलिकॉप्टरला एकच पिन असते. जुना हेडसेट घेताना इथे फसायला होते.

३) माइक ओठापासून पाव इंचावर आला पाहिजे. त्याला पुढून-मागून छिद्रे असतात. दुरून येणारा आवाज दोन्हीकडून सारखा शिरून कटतो, जवळचा तुमचा आवाज तेवढा उरतो. माइक हनुवटीखाली लोंबत असेल तर ही युक्ती चालत नाही.

४) वजन आणि पकड. डोक्यावर तास-दोन तास घालून बसा. दुकानातली दोन मिनिटे पुरत नाहीत.

५) एएनआर असेल तर सेल संपल्यावरही बोलणे ऐकू येते का आणि आवाज किती अडतो, ते बंद करून बघा.

६) पैसे शेवटी. चांगला एएनआर हेडसेट हजार डॉलरच्या पुढे जातो, चांगला पॅसिव्ह साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात येतो. परवडत असेल तर एएनआर जरूर घ्या, थकवा कमी होतो. पण नाव बघून नको.

ताईने गाद्या बदलल्या आणि बारीक काडीचा चष्मा केला. शिट्टी थांबली. तरीही मी तिला कानाच्या डॉक्टरकडे जायला लावलं. व्यावसायिक वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत कानाची परीक्षा असते. आंतरराष्ट्रीय मापदंडाप्रमाणे ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा, आणि ३००० ला ५० पेक्षा जास्त श्रवणदोष चालत नाही. आवाजाने होणारं नुकसान बहुधा ४००० च्या आसपास सुरू होतं आणि मग खाली पसरतं. म्हणजे परीक्षेत नापास होण्याच्या कितीतरी आधी कान जायला लागलेला असतो, आणि तो परत येत नाही. ताईचा रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, सकाळी जाणारी शिट्टी ही सूचना असते, दरवेळी मिळेलच असं नाही.

मामांना मी हिशोब सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे नवा घ्यायचा नाही ना?" मी म्हणालो, "मामा, नवा घ्यायचा, पण पुढच्या वर्षी. गाद्या मात्र कडक झाल्या की लगेच बदलायच्या. त्यात तास मोजायचे नाहीत."

आणि मित्रांनो, वर्कशॉपमध्ये ग्राइंडरजवळ उभे राहताना, गणपतीत डीजेसमोर नाचताना हे सगळं आपल्यालाही लागू आहे. आपली कोणी दरवर्षी कानाची परीक्षा घेत नाही, एवढाच फरक.

– तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार