जुना घरगुती संगणक : बंद पडण्यापूर्वीची देखभाल

कापडाच्या व्यापाऱ्याने संगणकाच्या देखभालीवर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. शिलाई मशीन असो, गोदामातले तागे असोत की संगणक असो, सगळ्यांचे शत्रू तेच आहेत : ओल, धूळ, उष्णता आणि दुर्लक्ष. पहिल्या तिघांशी आमच्या धंद्याची जुनी ओळख आहे. चौथा शत्रू प्रत्येकाच्या घरी असतो.

घरगुती संगणक म्हणजे नेमके काय, हे नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. १९८२ साली इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम निघाला. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम टेपरेकॉर्डरवरून भरायचा. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ साली परवाना घेऊन त्याची 'प्लस' आवृत्ती बाजारात आणली. शाळांमध्ये १९८४ पासून केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून बीबीसी मायक्रो आले. पुढे दुकानांत आणि घरांत २८६, ३८६, ४८६ जातीचे पीसी आले आणि पुष्कळांचे उधारीचे खाते त्यांच्यावर चढले. ही यंत्रे आज कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कपाटाखाली पडून आहेत. भंगारात ती वजनावर जातात. तेच यंत्र चालू स्थितीत असेल तर हौशी संग्राहक त्याची वेगळी किंमत देतो, आणि वडिलांच्या हातचे हिशेब त्यात असतील तर किंमतीचा प्रश्नच येत नाही.

असे यंत्र वापराने फारसे मरत नाही. ते पडून राहिल्याने आजारी होते, आणि बरेचदा पंधरा-वीस वर्षांनी कुणीतरी हौसेने प्लग लावतो त्या क्षणी मरते. म्हणून आमची पहिली विनंती : माळ्यावरून काढलेला संगणक लगेच चालू करू नका.

आधी झाकण उघडून पाहावे. पीसीच्या मुख्य बोर्डावर पिंपाच्या आकाराची छोटी बॅटरी चिकटवलेली असते, साधारण ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियमची. ती तारीख-वेळ जपण्यासाठी असते. जुनी झाली की तिच्यातून क्षार झिरपतो आणि तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. जवळपास हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर समजावे की काम सुरू झाले आहे. संगणक बंद असला तरी हे खाणे थांबत नाही. बॅटरी कापून काढावी. डाग पडलेल्या जागी कापसाच्या बोळ्याने पांढरा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावावा, मग डिस्टिल्ड वॉटरने धुवावे, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून दोन दिवस सुकू द्यावे. त्या जागी बटणासारखा लिथियम सेल बसवायचा असेल तर मध्ये डायोड घालावाच. जुने सर्किट बॅटरीला चार्ज करत राहते आणि लिथियमचा सेल चार्जिंगसाठी नसतो, तो फुटू शकतो. संपूर्ण लेखातून एकच काम करायचे असेल तर हे करावे.

दुसरी जागा वीजपुरवठ्याची. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये मुख्य लाइनवर पारदर्शक पिवळसर आवरणाचे कागदी कपॅसिटर असतात. वर्षानुवर्षे हवेतली ओल शोषून त्यांच्या आवरणाला तडे जातात, आणि वीज मिळाल्यावर ते धूर काढत फुटतात. तडे दिसोत वा न दिसोत, तेवढ्याच मापाचे २७५ व्होल्टचे 'एक्स-२' जातीचे नवे कपॅसिटर घालावेत. हे काम टीव्ही-रेडिओच्या जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज राहते.

स्पेक्ट्रमचे दुखणे वेगळे. त्याचा अडॅप्टर ९ व्होल्टचा असतो, पण मधली पिन ऋण असते. बाजारात सहज मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांत मधली पिन धन असते. पिन छिद्रात बसली म्हणून चालेल असे धरले तर यंत्र गेले. आधी मल्टिमीटरने दिशा पाहावी. मोकळ्या अडॅप्टरवर मीटर ९ ऐवजी १२ किंवा त्याहून थोडे जास्त दाखवील, त्याने घाबरू नये, मूळ अडॅप्टर तसाच आहे. आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर हा दाब ५ व्होल्टवर आणतो आणि उरलेली वीज उष्णतेत घालवतो. म्हणून संगणक गादीवर किंवा सतरंजीवर ठेवून चालवू नये, खालून हवा मिळायला हवी. मागच्या पट्टीला वीज चालू असताना काहीही जोडू-काढू नये. तिथे जरा वेडेवाकडे टेकले तर आतला छोटा ट्रान्झिस्टर आणि त्यामागून मेमरीच्या चिपा जातात. त्यातली 'युएलए' नावाची चिप फेरांटी कंपनीने खास या यंत्रासाठी बनवली होती, आता ती कुठल्याही कारखान्यात तयार होत नाही. कपॅसिटर काही रुपयांत मिळतो आणि अशी चिप शोधायला महिने जातात, हा हिशेब व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको.

पहिल्यांदा वीज देताना आपले जुने मेकॅनिक वापरतात तो सिरीज दिवा लावावा, तारेचा ६० किंवा १०० वॅटचा. दिवा भरपूर पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करावे.

आता तळवड्याचे. आपल्याकडे एका बाजूला सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला रुपीनगर, ज्योतिबानगरकडच्या लेथच्या आणि प्रेसच्या शेड. शेडच्या हवेत लोखंडाचा बारीक चुरा असतो. साधी धूळ फक्त उष्णता अडवते, पण लोखंडी चुरा वीज वाहतो आणि दोन पायांमध्ये बसला की शॉर्ट करतो. शेडच्या वर घर असेल त्यांनी वर्षातून दोनदा तरी झाकण उघडून मऊ रंगाच्या ब्रशने धूळ काढावी. शेडमधल्या कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नये. सगळे तेच करतात, पण त्या हवेत पाणी आणि तेल असते, आणि जोराने चुरा अजून आत जातो.

इंद्रायणीकाठची पावसाळी ओल ही दुसरी गोष्ट. इथे आम्ही आमच्या धंद्यातले बोलू शकतो. पुष्कळ लोक संगणक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधतात. ओलसर दिवशी बांधले तर ओल आतच कोंडते. काही घरांत जुनी नायलॉनची साडी घालतात. नायलॉन आणि पॉलिस्टर घासले की वीज साठते, हिवाळ्यात कपडे काढताना चटचट आवाज येतो तीच, आणि चिपांना ती पुरेशी घातक आहे. लोकरही नको. झाकायला सुती कापडच हवे, पण कोरे मांजरपाट नको, त्यात खळ असते. खळ ओल धरते, बुरशी आणते आणि झुरळांना बोलावते. दोन-तीन वेळा गरम पाण्यात धुऊन खळ काढलेले, कडक उन्हात वाळवलेले जाडसर सुती कापड दुहेरी करून घालावे, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. पुसायला जुनी धुतलेली मलमल उत्तम, तिचे धागे सुटत नाहीत.

महिन्यातून एकदा तासभर यंत्र चालवावे. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो पडून पातळ होतो आणि वीज मिळाली की पुन्हा भरतो. शिवाय थोडी ऊब मिळून ओल निघते.

पिवळा पडलेला डबा हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरा करण्याची सध्या फॅशन आहे. आमचे मत विरुद्ध आहे. ब्लीचने कापड पांढरे होते आणि सुताचा जोरही जातो, प्लास्टिकचेही फार वेगळे नाही, आणि पिवळेपणा काही वर्षांत परत येऊ शकतो. साबणाच्या पाण्याने पुसावे, बस्स.

फ्लॉपीचे जपून. सरकपट्टी बाजूला करून चकती हाताने फिरवून पाहावी. बुरशीचे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये, एक खराब फ्लॉपी ड्राइव्हचे हेड बिघडवते आणि पुढच्या सगळ्या चांगल्या फ्लॉपी खरवडल्या जातात. चांगल्या निघतील त्यांची नक्कल नव्या संगणकावर आधी घ्यावी, मग जुने खाते उघडून पाहण्याची घाई करावी. काय बदलले आणि कोणत्या तारखेला, याची चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी. उद्या यंत्र विकायचे झाले तर तीच चिठ्ठी गिऱ्हाइकाला दाखवता येते.