पॉलिसी ठेवावी की मोडावी?

पुष्कळ घरांत ट्रंकेच्या तळाशी एक कागद जपून ठेवलेला असतो. तो विम्याचा कागद, म्हणजे पॉलिसी. वर्षानुवर्षे आपण तिचे हप्ते भरतो. मग एखाद्या साली पाऊस दगा देतो, घरात आजारपण येते, नाहीतर मुलीचे लग्न ठरते. पैशाची नड लागते. तेव्हा मनात येते, ‘ही पॉलिसी मोडून टाकावी का?’ कोणी म्हणतो मोड, कोणी म्हणतो ठेव. आम्ही म्हणतो, आधी हिशेब करा. आज आपण तो हिशेब शिकू.

एंडोमेंट पॉलिसी म्हणजे काय?

या पॉलिसीत दोन गोष्टी असतात. मुदतीच्या आत विमेदार वारला, तर ठरलेली रक्कम घरच्यांना मिळते. मुदत संपेपर्यंत तो हयात राहिला, तर रक्कम त्याला स्वतःला मिळते. शिवाय पुष्कळ पॉलिसींवर दर वर्षी बोनस लागतो. तो लगेच हातात पडत नाही, पॉलिसीवर साठत जातो.

पैसे बुडतील अशी भीती काहींना वाटते. पूर्वी काही खाजगी विमा कंपन्या बुडाल्या होत्या, हे खरे. म्हणून १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी रेडिओवरून सांगितले, की आयुर्विम्याचा धंदा सरकार हाती घेत आहे. त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. महामंडळाच्या पॉलिसीच्या रकमेला आणि जाहीर झालेल्या बोनसला केंद्र सरकारची हमी आहे. तेव्हा निव्वळ भीतीपोटी ती पॉलिसी मोडू नये.

मोडली तर कमी का मिळते?

मोडल्यावर जी रक्कम मिळते तिला ऑफिसात ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणतात. सुरुवातीच्या वर्षांत ती भरलेल्या पैशांपेक्षा बरीच कमी असते. कारण पहिल्या वर्षी एजंटाचे कमिशन आणि कंपनीचा खर्च जास्त असतो. शिवाय इतकी वर्षे तुमच्या जिवाची जोखीम कंपनीने घेतली, तिचेही मोल असते. जुन्या पॉलिसींत दोन किंवा तीन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय काहीच परत मिळत नसे. १ ऑक्टोबर २०२४ पासून विकलेल्या पॉलिसींना पूर्ण एक वर्षाचा हप्ता भरल्यावर काही रक्कम मिळते. तुमच्या पॉलिसीला कोणती अट लागू आहे, ते कागदावर वाचा.

आता हिशेब करू

समजा, एका गवंड्याने १ लाख रुपयांची पॉलिसी घेतली. मुदत २० वर्षे, वार्षिक हप्ता ५,००० रुपये. बोनस वर्षाला ४,००० रुपये धरू. त्याने ८ वर्षे हप्ते भरले, म्हणजे ४०,००० रुपये गेले. ऑफिस म्हणते, आज मोडलीत तर ३५,००० मिळतील. हे आकडे आम्ही शिकण्यासाठी धरले आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील.

‘माझे ४०,००० गेले’ असे म्हणत बसू नका. गेलेले पैसे दोन्ही वाटांनी गेलेच आहेत. आजपासून पुढे मोजा.

पॉलिसी चालू ठेवली, तर आणखी १२ वर्षे हप्ते भरायचे. शेवटी १ लाख आणि २० वर्षांचा बोनस ८०,०००, असे १ लाख ८० हजार मिळतील.

मोडली, तर ३५,००० बँकेत ठेवायचे आणि दर वर्षी ५,००० त्यात टाकायचे. बारा वर्षे ७ टक्के व्याज मिळाले, तर सुमारे १ लाख ७४ हजार होतील.

म्हणजे येथे ठेवणे थोडे फायद्याचे आहे, आणि जिवाची जोखीमही सांभाळली जाते. उद्या गवंडी पायटावरून पडून गेला, तर घरच्यांना १ लाख आणि साठलेला बोनस ३२,००० मिळेल. मोडली असेल, तर विम्याचा एक पैसाही मिळणार नाही.

लक्षात घ्या, पहिल्या दिवसापासून मोजले तर याच पॉलिसीवर जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास व्याज पडते. म्हणून नवी पॉलिसी घेताना एक हिशेब, अर्ध्या वाटेवर दुसरा.

मधल्या दोन वाटा

पहिली वाट ‘पेड-अप’. हप्ते थांबवायचे, पण पॉलिसी मोडायची नाही. २० पैकी ८ हप्ते भरले, म्हणून १ लाखाचे ४०,००० होतात. त्यात साठलेला बोनस ३२,००० मिळवला की ७२,००० झाले. ते मुदतीअखेर मिळतात, किंवा त्याआधी मृत्यू झाल्यास घरच्यांना. पुढचा बोनस मात्र लागत नाही.

दुसरी वाट कर्जाची. पुष्कळ पॉलिसींवर सरेंडर व्हॅल्यूच्या ८० ते ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. सावकार शेकडा ३ रुपये दरमहा घेतो. ३०,००० वर वर्षाला १०,८०० व्याज झाले! पॉलिसीवरच्या कर्जाला वर्षाला १० टक्के धरले, तर व्याज ३,००० होते. परंतु हे व्याजही वेळेवर भरा. थकले तर ते पॉलिसीच खाऊन टाकते.

मग मोडावी केव्हा?

पॉलिसी नवी आहे आणि हप्ता आपल्या कमाईला झेपतच नाही, तेव्हा. सावकाराचा फास बसला आहे आणि पॉलिसीवरच्या कर्जाने भागत नाही, तेव्हा. पोरे लहान असतील तर आधी दुसरा विमा उतरवा, मगच जुना मोडा. आणि जो एजंट म्हणतो ‘जुनी मोडा, नवी चांगली आहे’, त्याचे लगेच ऐकू नका. वय वाढले की हप्ता वाढतो, आणि पहिल्या वर्षाचा खर्च पुन्हा तुमच्याच माथी बसतो.

सही करण्यापूर्वी ऑफिसात तीन आकडे लिहून मागा: आज मोडली तर किती, पेड-अप केली तर किती, कर्ज किती. तो कागद घरी आणा. घरधनी-घरधनिणीने मिळून वाचा. विमा ज्यांच्यासाठी उतरवला, त्यांना विचारल्याशिवाय तो मोडू नये.

प्रश्न

१. मोडल्यावर मिळणाऱ्या रकमेला काय म्हणतात?
२. ५०,००० ची पॉलिसी आहे. २० पैकी १० हप्ते भरले. बोनस सोडून पेड-अप रक्कम किती?
३. शेकडा २ रुपये दरमहा म्हणजे वर्षाला किती टक्के?
४. आपल्या घरची पॉलिसी काढा. तिची मुदत, हप्ता आणि वारसाचे नाव वहीत लिहा.