चिडचीड हेही लक्षणच

मेडिसीनची रेसिडेन्सी सरकारी मेडिकल कॉलेजात केली, आता शिकवतेही तशाच एका कॉलेजात. दरवर्षी नवे जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर, येतात. त्यांना सांगावंसं वाटतं ते हे.

१. रडू येतं तोवर फारसं बिघडलेलं नसतं. रडूही येईनासं झालं की सावध व्हा. वॉर्डातल्या पेशंट आजीचं नाव केसपेपरपुरतं उरतं, तोंडी फक्त ‘बेड चौदा’. नातेवाइकाने तोच प्रश्न पुन्हा विचारला की आवाज चढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये बर्नआउटच्या तीन खुणा दिल्या आहेत: गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. थकवा सगळ्यांना दिसतो. कडवटपणा मात्र स्वभाव म्हणून खपून जातो. आमच्याकडे तर ‘कडक रजिस्ट्रार’ म्हणून त्याचं कौतुकही होतं!

२. रात्री तीनला कॅज्युअल्टीत ओरडणारा माणूस बहुधा घाबरलेला असतो. प्राथमिक केंद्र, ग्रामीण रुग्णालय, मग सिव्हिल असं करत तो इथवर आलेला असतो आणि वाटेत प्रत्येकाने फक्त ‘पुढे न्या’ म्हटलेलं असतं. त्याला आधी विचारा, “तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?” मग दोन साध्या वाक्यांत सांगा आणि गप्प राहा. ‘पेशंट सिरियस आहे’ हे वाक्य त्याने सगळीकडे ऐकलेलं असतं. आजची रात्र धोक्याची आहे का, ते सांगा. निर्णय घेणारा मामा किंवा थोरला भाऊ पुष्कळदा वॉर्डात नसतोच, फोनवर असतो. तो कोण, हे सिस्टरना किंवा मावशींना तुमच्याआधी कळलेलं असतं. त्यांना विचारायला लाजू नका.

३. उपाशीपोटी वाईट बातमी सांगायला जाऊ नका. दोन बिस्किटं खाऊन जा.

४. २०१९च्या बॅचपासून एमबीबीएसला संवाद आणि नीतिमूल्यांचा ‘एटकॉम’ अभ्यासक्रम आला. चांगलं झालं. पण रुग्णाशी कसं बोलायचं हे पोरं राउंडवर सिनियरचं बघूनच उचलतात.

५. सगळं तुमच्या मनाच्या ताकदीवर अवलंबून आहे, असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. आयसीडी-११ बर्नआउटला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणते. सलग ड्युटी साधारणपणे बारा तासांपेक्षा जास्त नसावी, हे केंद्राच्या १९९२च्या रेसिडेन्सी योजनेतच लिहिलेलं आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. छत्तीस तास जागलेल्या पोराला ध्यानधारणेच्या कार्यशाळेला बसवणं मला क्रूर वाटतं. त्याला झोपायला पाठवा.

६. मदत मागितली तर गाइड काय म्हणतील, ही भीती खरी असते. म्हणून कॉलेजबाहेरचा दरवाजा माहीत असावा: टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. नंबर ड्युटीरूमच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि युनिट हेड असाल, तर शेजारी चिकटवलेली ड्युटी लिस्ट आज एकदा नीट वाचा.