मी ताकद वाढवत राहिले

मे महिन्यात चौक गावाजवळच्या आमच्या शेतात रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजला आणि आठवडाभरात माझ्या दोन्ही गालांवर लाल चट्टा उठला, नाकाच्या दांड्यावरून जोडलेला. सासूबाई म्हणाल्या, "ऊन बाधलंय गं." दुकानातून मलम आणलं. जुलैत लावणीला उतरले, तर सकाळी बोटं मिटेनात. केस गळत होते, तोंड येत होतं, संध्याकाळी कणकण यायची. या सगळ्याला घरात एकच नाव होतं: अशक्तपणा.

अशक्तपणा, म्हणून ताकद वाढवायची! कुंपणावरच्या गुळवेलीचा काढा मी चार महिने रोज घेतला.

माझं चुकलं ते इथे. मला झाला होता ल्युपस, आणि ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती आपलं-परकं ओळखेनाशी होते. जंतूंविरुद्ध बनणारी प्रतिपिंडं शरीर आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध बनवतं. मग कातडी, सांधे, रक्त, मूत्रपिंडं, कुठेही सूज. अशा अंगात प्रतिकारशक्ती वाढवायला जाणं म्हणजे वारा सुटलेला असताना पेटत्या राबावर आणखी पाला टाकणं. काढ्यामुळे आजार झाला, असं मी म्हणत नाही. पण चार महिने त्यात गेले. शिवाय 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, तरी आमच्यासारख्यांनी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय काढा घेऊ नये.

दिवाळीच्या सुमारास पावलं सुजली. लघवीला फेस यायचा, पण दुखत काहीच नव्हतं. तपासणीत प्रथिनं सापडली. मग एएनए, डीएस-डीएनए, सी3, सी4 या रक्ताच्या तपासण्या आणि शेवटी मूत्रपिंडाची बायोप्सी. नुसती एएनए पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका, धडधाकट माणसांतही ती येते. लक्षणं आणि बाकीच्या तपासण्या जुळल्या तरच ल्युपस म्हणतात.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू झाल्यावर आत्या म्हणाली, "ही तर मलेरियाची गोळी!" खरंच आहे ते, पण ल्युपसमध्ये तीच मुख्य आधार. डोळे मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्यायचे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बरं वाटलं म्हणून मनाने कधीच बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं आणि जीवावर बेतू शकतं. मूल हवं असेल, तर आजार निदान सहा महिने शांत राहू द्या आणि डॉक्टरांशी आधी बोला.

दहातले नऊ रुग्ण बायका असतात, बहुतेक ऐन कामाच्या वयातल्या. उन्हाने हा आजार उफाळतो, म्हणून आता राब भाजायला दीर जातात. मी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी घालून सकाळी लवकर शेतावर जाते.

कर्जत-खोपोलीहून लोकलने परळचं केईएम, भायखळ्याचं जे. जे. गाठता येतं. घरातल्या मुलीला गालावर चट्टा, सांधेदुखी आणि बारीक ताप एकत्र दिसला, तर काढा उकळायच्या आधी तिची लघवी तपासून घ्या.