जामिनाची सही आणि आपली पत

आम्ही बँकेत कर्जाच्या टेबलावर बसतो. साहेबांची ओळख असली की कर्ज मिळते, असा आपल्या पुष्कळ बांधवांचा समज आहे. आज अर्ज आला की आधी पत-अहवाल पाहिला जातो. सन २००० मध्ये स्थापन झालेली सिबिल व तिच्यासारख्या आणखी तीन संस्था हे अहवाल ठेवतात. गुण ३०० ते ९०० च्या दरम्यान असतात. ७५० च्या वर असले की काम सोपे.

गेल्या वर्षी एक गृहस्थ मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी शैक्षणिक कर्ज मागावयास आले. स्वतः त्यांनी जन्मात कर्ज काढले नव्हते. तरी गुण अगदी कमी! मेहुण्याच्या मोटारसायकलच्या कर्जाला ते जामीन होते आणि मेहुण्याचे हप्ते थकले होते. ती थकबाकी जामीनदाराच्याही नावावर दिसते, हे सही घेताना त्यांना कोणी सांगितले नव्हते. हा दोष आम्हा बँकवाल्यांचाच.

अशा वेळी तडजोडीने थोडे पैसे भरून सुटण्याचा मोह होतो. पण अहवालात ‘सेटल्ड’ हा शेरा वर्षानुवर्षे राहतो. शक्य तर पूर्ण रक्कम भरून बेबाकी दाखला घ्यावा.

प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो. विद्यार्थ्यांनी तो वडिलांना काढून द्यावा. चूक आढळल्यास तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल न लागल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे.

त्या गृहस्थांनी मेहुण्याची थकबाकी भरली. गुण सावरायला मात्र कित्येक महिने लागतात. मुलाची पहिल्या वर्षाची फी आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरावी लागली.