लहर ओसरल्यावर मागे काय उरतं?

प्रश्न : तळ्यात दगड टाकला की तरंग उठतात आणि थोड्या वेळाने पाणी पुन्हा होतं तसं निवांत होतं. गुरुत्वीय लहर निघून गेल्यावरही सगळं पहिल्यासारखं होतं का?

उत्तर : नाही होत, आणि मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं. अंतराळात दोन गोट्या शेजारी-शेजारी स्थिर सोडल्या आहेत असं समजा. लहर आली की त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त होऊ लागेल. लहर ओसरेल, पण अंतर मूळच्याइतकं होणार नाही. किंचित फरक कायमचा राहील. याला ‘स्मृती परिणाम’ म्हणतात. १९७४ साली झेल्दोविच आणि पोल्नारेव या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तो मांडला. पुढे १९९१ मध्ये क्रिस्टोडूलू यांनी दाखवलं, की लहरींनी वाहून नेलेली ऊर्जा स्वतःही गुरुत्वाकर्षण निर्माण करते आणि त्याचीही खूण उमटते.

मग गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो’ वेधशाळेला ही खूण दिसत का नाही? तिथले आरसे प्रत्येकी ४० किलोचे, काचेच्या बारीक तंतूंवर लोलकासारखे टांगलेले. हलले तरी ते हळूहळू मूळ जागी परततात. त्यामुळे कायमचा फरक टिकत नाही, फार तर तो घडतानाची क्षणभराची चढण पकडता येईल. तीही मुख्य थरथरीच्या मानाने फार क्षीण. म्हणून कृष्णविवरांच्या अनेक टकरींच्या नोंदी एकत्र करून ती शोधावी लागते, आणि त्यासाठी चढणीचा आकार आधीच अचूक ठाऊक हवा.

इथे संगणकाची खरी कसोटी लागते. दोन कृष्णविवरांची टक्कर संगणकावर सोडवताना आपण अवकाशाचा मर्यादित तुकडाच घेतो. लहरीचं शुद्ध रूप मात्र अतिदूर गेल्यावरच दिसतं. पूर्वी काही ठराविक अंतरांवर लहर मोजून पुढचा अंदाज बांधत. त्यात थरथर नीट यायची, पण संथ चढण हरवायची. आता आतल्या गणिताच्या कडेवरची माहिती दुसऱ्या गणिताकडे सोपवतात आणि ते प्रकाशकिरणांच्या वाटेने लहरीला थेट अनंतापर्यंत नेतं. तेव्हा कुठे आलेखात ती चढण उमटते.

आणखी एक गंमत. कृष्णविवरांची कक्षा आपल्याला समोरून, पूर्ण वर्तुळासारखी दिसत असेल तर थरथर सर्वांत जोरदार असते, पण स्मृती जवळपास शून्य. कक्षा कडेने दिसली तर स्मृती सर्वांत ठळक.

ही स्मृती शोधण्याची आणखी एक वाट आहे. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी दुर्बिणीतून स्पंदक ताऱ्यांचे ठोके मोजले जातात. महाकाय कृष्णविवरांच्या टकरीची स्मृती पृथ्वीवरून गेली, तर त्या क्षणापासून ते ठोके थोडे लवकर किंवा उशिरा पोचू लागतील आणि हा फरक दिवसागणिक वाढत जाईल. असा फरक अजून कुणाला सापडलेला नाही. शोध चालू आहे.